अट्रॅक्टाची वाळलेली टर्फ

अट्रॅक्टा फीनीची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. मी तीस वर्षं तिचं टपाल पोचवलं, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आली.

नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक मुलगा जार्लथ समुद्रापलीकडे कॉव्हेन्ट्रीत कामाला. नाताळला त्याचं यायचं हमखास रद्द व्हायचं, पण जूनमध्ये आठ दिवस तो यायचाच, कारण दलदलीतल्या त्यांच्या पट्ट्यावर टर्फ, म्हणजे जळणाची माती, उभी करायची असे. कापलेल्या काळ्या मातीच्या त्या ओल्या विटा पाच-पाच एकमेकींना टेकवून उभ्या केल्याशिवाय वाळत नाहीत, आणि वाळल्याशिवाय हिवाळ्यात घर ऊबदार होत नाही. मायलेक दिवसभर वाकायचे, भांडायचे, बाटलीतला गार चहा प्यायचे. त्या आठ दिवसांवर ती वर्ष काढायची. मे लागला की फाटकात उभी राहून मला विचारायची, "त्याचं काही आलंय का रे?"

मग सरकारने दलदल राखीव केली. कापणी बंद. भरपाई म्हणून दरवर्षी पैसे घ्या, नाहीतर दुसरीकडची तयार टर्फ घरपोच. अट्रॅक्टाने टर्फ मागितली. तिला वाटलं, टर्फ येईल तिथे लेकही येईल. मेअखेर लॉरी आली आणि अंगणात ढीग ओतून पाच मिनिटांत गेली. गेल्या साली कापलेली, खडखडीत वाळलेली.

जार्लथ फोनवर म्हणाला, "बरं झालं, आई! यंदा तुझी कंबर वाचली आणि माझं तिकीट."

दुसऱ्या दिवशी बघतो तर बाई हातगाड्याने टर्फ मागच्या कुरणात नेऊन पाच-पाच विटा उभ्या करतेय.

"अगं, वाळलेली आहे ती! डोकं फिरलं की काय तुझं?"

"तू पत्रं टाक आणि चालू लाग."

संध्याकाळी पबमध्ये आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या फोननंतर जार्लथला तिने उलटं कळवलं होतं, टर्फ ओलीच निघाली, एकटीने होत नाही. तो आला. मी टपाल घेऊन गेलो तेव्हा तो कुरणात उभा होता. त्याने दोन विटा एकमेकींवर आपटल्या, तर लाकडासारख्या वाजल्या.

"आई, ही वाळलीय."

"ठाऊक आहे मला."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"नुसतं ये म्हटलं असतं, तर आला असतास?"



"नसतो आलो," तो हातातल्या विटांकडे बघत म्हणाला.

अट्रॅक्टाने त्याच्या हातातल्या विटा काढून घेतल्या. "खरं बोललास, बरं वाटलं," ती म्हणाली. "पुढच्या साली मी नुसतं ये म्हणेन."