टोबॅगोच्या समुद्रात रत्नागिरीकर

मराठी माणसं एकत्र सुट्टीवर गेली की फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात. फोटो फोन बदलला की हरवतात. किस्से मात्र दर शुक्रवारी दोहातल्या अबू हमूरला आमच्याकडे जेवायला येतात आणि दर खेपेला थोडे गुटगुटीत होऊन जातात.

गेल्या ईदला आम्ही दोहाहून थेट कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर गेलो. मी, ऑफिसातला माझा दोस्त सादिक, त्याची बायको झीनत आणि नऊ वर्षांची आलिया. मी लातूरचा, पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. सादिक रत्नागिरीचा, घर समुद्राला लागून, आणि गड्याला पोहता येत नाही! पण लेकीला त्याने सांगून ठेवलंय की तुझा अब्बा म्हणजे मासा. खरं काय ते फक्त झीनतला आणि मला ठाऊक. दोहाजवळच्या समैस्माच्या बीचवर तो आमच्या चपला राखत बसतो. म्हणे, "हा काय समुद्र आहे? ताटात पाणी ओतलंय नुसतं."

आता खरा समुद्र येणार म्हणून आलिया नाचत होती आणि सादिकची भूक मेली होती.

*

पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या टपरीसमोर सादिकने गाडी थांबवली आणि सवयीने हॉर्न मारला. दोहात हॉर्न मारला की कडक चहा गाडीपाशी येतो. इथे टपरीतल्या सगळ्यांनी आमच्याकडे बघून हात हलवले. आम्हीही हलवले. त्याने पुन्हा हॉर्न मारला, त्यांनी पुन्हा हात हलवले. टोबॅगोत हॉर्न म्हणजे रामराम, हे आम्हाला कोण सांगणार? दहा मिनिटं अख्ख्या गावाशी रामराम झाला आणि नाश्ता काही आला नाही.

*

समुद्रात पहिला मीच उतरलो. समैस्माला कितीही आत चाला, पाणी घोट्याच्या वर येत नाही. त्याच ऐटीत, हात मागे बांधून, मी इथेही चालत निघालो. चौथ्या पावलाला लाटेने उचलून मला किनाऱ्यावर आणून टाकलं. चपलांशेजारी बसलेला सादिक आलियाला म्हणाला, "बघितलंस? म्हणून मी आधी समुद्राचा अभ्यास करतो."

*

किल्ल्यावरचा गाइड मोठ्या अभिमानाने सांगत होता की डच आले, फ्रेंच आले, इंग्रज आले, या बेटाइतके मालक कुणाचे बदलले नसतील. झीनत म्हणाली, आमच्या ऑफिसातही मॅनेजर असेच बदलतात. त्याने विचारलं, मग तुम्ही काय करता?

"आम्ही तिथेच असतो."

"आम्हीपण," तो म्हणाला, आणि दोघं तोफेला टेकून पोटभर हसले.

*

शेवटच्या दिवशी बोटवाल्याने आम्हाला भर समुद्रात नेलं. किनाऱ्याची नुसती रेघ दिसत होती. लाइफ जॅकेट घातलेली आलिया शिडीवरून अलगद उतरली आणि तरंगत हाका मारायला लागली, "अब्बा, कम!" पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता, पण किती खाली ते कळेना. सादिकने खोली विचारली. बोटवाला नुसता हसला. जॅकेट पुढे केलं तर सादिक नको म्हणाला, लेक बघत होती ना. त्याने घड्याळ काढून झीनतला दिलं, पुटपुटत कलमा म्हटला, डोळे मिटले आणि उडी मारली.

कपड्यांसकट मीही उडी टाकली, पाण्याखाली त्याला कवळा घातला आणि सगळा जीव लावून वर ओढला. तो उभा राहिला. मीही उभा राहिलो. भर समुद्रात तिथे वाळूचा उंचवटा होता आणि पाणी कमरेपर्यंत. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी त्याच्या गळ्यात पडून चक्क रडायला लागलो.

आलिया तरंगत जवळ आली. "अब्बा, व्हाय इज अमोल काका क्राइंग?"

सादिकने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"त्याला पोहता येत नाय, बेटा."