साकोलीचा लाल डाग

नागपूरहून भिलाईला गाडीने जायचा बेत असेल तर माझं एक ऐका. निघण्याआधी बोनेट उघडून स्टिअरिंगचं तेल बघा. मी बघितलं नव्हतं, आणि त्यापायी माझं ठरू पाहणारं लग्न मोडायची वेळ आली होती.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी एका ठेकेदाराचा ड्रायव्हर. साहेब रेल्वेने पुढे गेले आणि त्यांची अमेरिकन गाडी मागून घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं. पॉवर स्टिअरिंगची गाडी, एका बोटाने वळायची. माझा तोरा काय विचारता! सोबत शेजारचे गणपतकाका होते. रेल्वेत डब्यांच्या चाकांना तेल घालायचं त्यांचं काम. भिलाईत कामाला लागलेल्या मुलाला भेटायला निघाले होते, पण खरं कारण मीच होतो. आईने त्यांच्या मुलीसाठी, शांतासाठी, शब्द टाकला होता आणि काका म्हणाले होते, "पोराले दोन दिवस पाहतो, मंग सांगतो." शांता मला फार आवडायची. काकांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

भंडाऱ्यापर्यंत रस्ता बरा होता. साकोलीला गरम आलुबोंडे आणि चहा घेतला. रुपयात दोघांचं पोट भरलं, वर काकांचं पान. गाडीकडे परत आलो तर पुढच्या चाकाजवळ लालभडक डाग!

"काका, साहेबाची गाडी आहे. पान दूर जाऊन थुका ना!"

"मी नाई थुकलो."

"मंग काय, गाडी पान खाऊन राहिली?"

टपरीवरचे सगळे खो खो हसले. काका हसले नाहीत. त्यांनी तोंडातलं पान दूर झाडाखाली जाऊन टाकलं, चूळ भरली आणि गाडीत येऊन बसले. माझी जीभ म्हणजे ना, हाडच नाही तिला!

देवरीच्या पुढे जंगल आणि वळणं लागतात. आता रस्ता रुंद झालाय, तेव्हा समोरून ट्रक आला की चाक मातीत उतरवावं लागायचं. तिथेच स्टिअरिंग कण्हायला लागलं, मग जड झालं. एका बोटाचं काम दोन हातांना आवरेना. राजनांदगावला थांबून खाली वाकून पाहिलं, तर पुन्हा लाल डाग. काकांनी साकोलीपासून पानाला हात लावला नव्हता. मी डागात बोट बुडवून वास घेतला. तेल होतं. अशी लाज वाटली की काकांकडे मान वर करून बघवेना.

तिथला मेकॅनिक ब्रेक ऑईलचा डबा घेऊन आला. "डाल देता हूँ, तेल तो तेल है." मी मान डोलावणार, तोच काकांनी तोंड उघडलं. "थांब. ब्रेकचं तेल ब्रेकले. भलत्या जागी नको घालू." दुसरं तेल तिथे नव्हतंच. मग गाडी मुंगीच्या पावलांनी हाकत दुर्ग गाठलं. वळणावर मी स्टिअरिंग ओढायचो आणि काका शेजारून मुकाट्याने हात लावायचे.

संध्याकाळी भिलाई आली. लाल माती, क्रेन, अर्धवट उभे लोखंडी सांगाडे आणि दहा भाषांतली आरडाओरड. साहेबांच्या साइटवर या गाडीच्या तेलाचा डबा होता. तिथल्या सरदारजी मिस्त्रीने नळीची सैल पट्टी आवळली, उरलेलं फेसाळ तेल काढलं आणि नवं लाल तेल भरलं. इंजिन चालू ठेवून मला स्टिअरिंग सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, पार टोकापर्यंत फिरवायला लावलं. बुडबुडे थांबले की तेलाची पातळी पुन्हा बघायची. "ब्रेक ऑईल डालते तो सारे रबर खराब हो जाते," तो म्हणाला. स्टिअरिंग पुन्हा एका बोटाने वळलं. हुश्श!

पण माझं खरं काम राहिलंच होतं. मिस्त्री, काकांचा मुलगा, दोनचार मजूर तिथे उभे होते. म्हटलं, आत्ताच.

"काका, साकोलीले मी चार लोकांत तुमाले बोललो. चूक माही होती."

काका म्हणाले, "तेलाचं झाकण लाव आधी."

बस्स, एवढंच. मुलाच्या कोहका वस्तीतल्या खोलीवर झुणका-भात झाला, तिथे काकांनी मुलाशीच गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी गाडी साहेबांकडे सोडून आम्ही पॅसेंजरने परतलो. काका बाकावर निवांत घोरत होते आणि मी एकेक स्टेशन मोजत होतो. एवढा मोठा कारखाना उभा राहताना पाहून आलो, पण तेव्हा कुणी विचारलं असतं तर तेलाच्या डब्यापलीकडे काही सांगता आलं नसतं.

नागपुरात काकांच्या दारात त्यांची पिशवी ठेवली. शांता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी खाली मान घालून म्हणालो, "येतो, काका."

"अजून काका कावून म्हणून राहिला? मामाजी म्हण."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. शांता तांब्यासकट आत पळाली. मला पाणी काही मिळालं नाही, आणि घरी चालत गेलो की पळत, तेही आठवत नाही.