तोरणावरून कमानीवर

फुकटात आलेला बोर्ड वस्तीला महागात पडला. पालिकेच्या तिकिटावर डोळा ठेवून बसलेल्या उदयसिंहांनी विहाराच्या कमानीवर निळ्या दिव्यांची सरकती पाटी लावून दिली. बटण दाबलं की आधी 'सौजन्य : मा. उदयसिंह', मग पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि मग जाता जाता, चोरपावलांनी, 'जय भीम'.

बायका भडकल्या. विहार कमिटीचे अध्यक्ष दादासो जाऊन भेटून आले. उत्तर मिळालं, "चिपला लॉक असतंय. आमचा माणूस जोतिबाला यात्रेला गेलाय. नको वाटलं तर बंद ठेवा."

जयंती तर परवावर आलेली.

हे ऐकून संघप्रियाचं टाळकं सटकलं. ती लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पंपाचे स्टार्टर, डेअरीचे वजनकाटे, काहीही मेलेलं आलं की चिप काढायची, हातात मावणाऱ्या प्रोग्रामर नावाच्या यंत्राच्या खाचेत बसवायची, खिट्टी पाडायची आणि कंपनीची फाईल आत भरायची. शाळेनं नव्हे, हातानं शिकलेली विद्या. तिचा तोराही तसाच. पण खरं ते खरं : आजवर तिनं भरलं ते सगळं दुसऱ्यानं लिहिलेलं. स्वतःचं एक अक्षरही तिनं कुठल्या चिपमध्ये घातलं नव्हतं.

शिडी लावून तिनं पाटीतली चिप उपसली आणि दुकान गाठलं. मागोमाग धापा टाकत दादासो. वाचायचं बटण दाबलं, तर स्क्रीनवर सगळीकडं तेच ते कोरं उत्तर. कुलूप.

"मग बशीव परत," दादासो म्हणाले.

"पुसता येतंय, काका. पुसलं की कुलूपबी जातंय."

"आन् आतलं?"

"आतलंबी."

"परत आणता येतंय?"

"न्हाय."

"मग नवी चिप घाल की."

"असली कोल्हापुरात मिळंना. पुण्यासनं येईस्तोवर जयंती हून जाईल."

दादासोंनी कपाळाला हात लावला. "कमान काळी राहिली तर लोक मला धरतील गं. असूंदे त्याचं नाव. उजेड तर हाय!"

हेच तिला झोंबलं. "आपल्या दारात आपण शेवटाला? मी पुसणार."

म्हणाली खरी, पण बोट लगेच नेलं नाही. संताप वेगळा आणि अडाणीपणा वेगळा. पुसायच्या आधी भरायचं तयार पाहिजे. कुठला दिवा पेटवायचा, कुठला विझवायचा, ते एकेक ठरवायचं. चौकटीच्या कागदावर अक्षरं काढून बघितली, तर 'भ' जेवून उताणा पडल्यागत दिसायला लागला. वैतागून घरी निघाली आणि बायडाबाईच्या दारात थबकली. चौकटीवर मण्यांचं तोरण. पांढऱ्यात निळं 'जय भीम', मणी मोजून ओवलेलं.

"मावशी, तोरण द्या. वाचायचंय."

"दोनच शब्द हायती. हितनंच वाच की!"

कारण कळल्यावर मात्र बायडाबाई तोरण मांडीवर घेऊन दुकानातच येऊन बसली. "निळा, निळा, पांढरा, निळा..." ती सांगायची, संघप्रिया टिपायची. निळा म्हणजे पेटव, पांढरा म्हणजे विझव. सगळं झालं, तेव्हा संघप्रियानं पुसायचं बटण दाबलं. दादासोंनी डोळेच मिटले. उदयसिंह गेले. आता मागं काही नव्हतं.

चिप भरून कमानीवर चढवली, बटण दाबलं. उजेड पडला! पण अक्षरं उलटी.

"आता आरशात बघून वाचायचं व्हय?" दादासो कडाडले. जमलेली माणसं फिदीफिदी हसली.

संघप्रियाचे कान तापले. पण चूक तिला दिसली होती. मणी डावीकडून मोजले, पाटी उजवीकडून घेत होती.

"हसताय काय? शिडी धरा," ती म्हणाली. विहाराच्या पायरीवरच तिनं लॅपटॉप आणि प्रोग्रामर मांडला. "कुलूप एकदा तुटलंय. आता धा येळा पुसतो."

ओळी फिरवल्या, पुन्हा भरलं. या खेपेला 'जय भीम' सरळ आलं, आणि त्याच्यामागं पुन्हा 'जय भीम'.

बायडाबाई मान वर करून बघत राहिली. "आगं, त्या 'भ'ला एक मणी चुकून पांढरा ओवलेला मी. तीबी चूक कमानीवर नेलीस व्हय?"

"ऱ्हाऊंदे की, मावशी. आपली हाय."

चिप पुन्हा उतरवून, खिट्टी पाडून तिनं शेवटचं एक बटण दाबलं, कुलपाचं, आणि चिप जागेवर बसवली.

जयंतीच्या सकाळी उदयसिंह हार घेऊन आले. कमानीखाली उभे राहिले, वर बघितलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. चेहरा पडला.

"आमचं नाव कुठं गेलं, अध्यक्ष?"

संघप्रिया तोंड उघडणार, तेवढ्यात दादासोच पुढं झाले.

"चिपला लॉक हाय, पावणं," ते म्हणाले. "आमचा माणूस यात्रेला गेलाय."