माळ्यावरचा भिडू

आरोग्य खात्यातली मंडळी तिला चौकशीबाई म्हणत. समोरच्याच्या पोटातलं ओठावर आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या नवऱ्याने तर लग्नानंतर वर्षभरातच खोटं बोलणं सोडून दिलं होतं.

पण त्या वृद्धाश्रमात तिचंही घोडं अडलं. बऱ्याच जणांना ताप, खोकला, धाप. सगळे क्षय धरून चालले होते, तपासणीत निघाली फुप्फुसातली बुरशी. ही बया वटवाघळांच्या लेंड्यांवर वाढते, आणि धूळ उडाली की नाकावाटे आत शिरते. आजाऱ्यांत पुढचा मान तिच्या सासऱ्यांचा. घरी करमत नाही म्हणून हट्टाने इथे राहायला आले होते, घ्या आता!

चाकाच्या खुर्चीतली माणसं ठणठणीत आणि जिना चढणारी आजारी, हे पाहून तिने माळ्याचं दार उघडायला लावलं. वर वटवाघळं लटकलेली. खाली मात्र लख्ख झाडलेली फरशी, सतरंजी आणि पत्त्यांचा जोड. भांडणं होतात म्हणून आश्रमात पत्त्यांना बंदी होती. एका कडेला झालर लावलेली नवीकोरी उशी. ती आजाऱ्यांपैकी कुणाचीच नव्हती, आणि कुणाची ते कुणी सांगेना.

"बाबा, वर कोण कोण जायचं?"

"मी. एकटाच."

"चौघांचा डाव एकटे खेळत होतात?"

"वेळ जाता जात नाही, सूनबाई."

"आणि झालरीची उशी?"

सासरे छताकडे बघू लागले. तिने आवाज खाली आणला. "बाबा, ते माणूस आज हिंडतंय-फिरतंय. उद्या धाप लागली तर औषधाला उशीर होईल."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "इथल्याच शिलाईवाल्या बाई. माझ्या भिडू आहेत. त्या यायच्या म्हणून मी रोज झाडू मारायचो गं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मीच धूळ चारली त्यांना."

शिलाईवाल्या बाईंना तपासलं, तर बुरशीने नुकतंच बस्तान मांडलं होतं. वेळेत कळलं, डॉक्टर म्हणाले, आणि औषधं सुरू झाली. चौकशीबाईच्या जिवात जीव आला. बाईंची खाट समोरच्याच खोलीत होती, पण सासरे काही तिकडे फिरकेनात. तापातून उठले तरी तोंडाला रुमाल लावून दारातूनच बघायचे.

"आत जा की!"

"माझा खोकला लागेल त्यांना."

"हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. शेजारी बसा, गप्पा मारा. आरोग्य खातं सांगतंय."

सासऱ्यांनी रुमाल खाली घेतला. मग तिची नजर चुकवत त्यांनी हळूच विचारलं, "आणि सून काय म्हणते?"

"सून म्हणते, आधी दाढी करा."