रविवारचा लाल आकडा

सासूबाईंचं वजन दर रविवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर आणि चहाच्या आधी करायचं, असा हुकूम पिपलानीहून सुटला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हुकूम मोठ्या दिरांचा. ते कारखान्यात प्लॅनिंगला, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात, आणि घरातल्या दुधाच्या पिशव्यांचाही तक्ता करतात. आम्ही भोपाळच्याच दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला. आई एक महिना त्यांच्याकडे, एक महिना आमच्याकडे, असं बरीच वर्षं सुखानं चाललं होतं. मग डॉक्टर म्हणाले, आजींचं वजन थोडं उतरलंय, जरा लक्ष ठेवा. डॉक्टर बिचारे सहज बोलून गेले आणि भाऊजींनी दोन सारखे वजनकाटे विकत घेतले. एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे.

काट्यापाठोपाठ आली एक्सेलची शीट. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात वजन, चौथ्यात मागच्या रविवारपेक्षा किती फरक. फरक वजा असला की आकडा आपोआप लाल. वजाचं चिन्हसुद्धा त्यांनी ठेवलं नव्हतं. म्हणे, मोबाइलवर ती बारीक रेघ दिसत नाही, रंग कसा लांबूनही कळतो. मी रविवारी वजन कळवायचं, ते भरणार, आणि दुपारी बाराच्या आत शीटचा फोटो घरच्या ग्रुपवर.

आता मी माहेरची नागपूरची. वडिलांची बदली भोपाळला झाली आणि आम्ही इथलेच झालो. सासर मूळचं पुण्याचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी चुकून ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की भाऊजी पेपरातून मान वर काढतात. तेव्हा ही शीट आईंच्या वजनाची आहे की माझ्या स्वयंपाकाची, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “तुला ना, सगळीकडे कट दिसतो.” दिसतो तर दिसतो! असतो म्हणून दिसतो.

आणि झालंही तसंच. आई आमच्याकडे आल्या की पहिल्याच रविवारी आकडा लाल. नुसता लाल नाही, घसघशीत लाल. पुढचे रविवारही लालच, फक्त जरा कमी. पिपलानीला गेल्या की काळा. सुरुवातीचे एक-दोन रविवार सोडले तर सगळा महिना काळा. माझी लेक ग्रुप उघडायची आणि ओरडायची, “मम्मी, फिर से रेड!” मी काय कमी करत होते? डिंकाचे लाडू केले, शेंगदाण्याची चिक्की केली, ज्वारीची भाकरी, वर तूप. आई लाडू डब्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “ठेव गं, मग खाते.” मी ग्रुपवरचं त्यांना काही दाखवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्या भानगडीत ओढा? त्यांना माझ्या घरी लाल-काळं काही माहीत नव्हतं.

मग एका रविवारी भाऊजींचा फोन आला. आवाज अगदी मऊ, म्हणजे आधीच ठरवून केलेला. “हे बघ, गैरसमज नको. पण आकडे बोलतात. या खेपेला इकडे आल्यावर परत काळा झाला ना, तर आईला आता इथंच राहू दे. तुम्हाला भेटायला यायला कुणी अडवलंय का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणजे काय गोदामातला माल आहे? माझ्या घरात त्यांची खोली आहे, बाल्कनीतली तुळस आहे, संध्याकाळी माझ्या लेकीशी पत्त्यांत लबाडी करणं आहे. त्या महिन्यात माझं घर घर असतं. ते मी एका रंगापायी सोडायचं?

मी ऑफिसात दिवसभर एक्सेलच हाणते, हे भाऊजी विसरले असावेत. शीट माझ्याकडेही उघडत होती. मला खात्री होती की त्यांनी लाल रंगाचा नियम नंतर फक्त आमच्या ओळींना ठेवलाय. जेवणाच्या सुट्टीत मी शीटची वेगळी प्रत केली आणि त्यांच्या ओळीवर क्लिक करून सेलचं फॉरमॅट उघडलं. मग पिपलानीच्या एका रविवारी मुद्दाम वजन कमी करून टाकलं. आकडा झाला ना लाल! आमच्या ओळीत वाढवून टाकलं, तर काळा. नियम सगळीकडे एकच होता. माणूस प्रामाणिक निघाला, याचा मला इतका राग आला म्हणून सांगू!

पण आकडे बघताना एक गोष्ट खटकली. आमच्याकडून पिपलानीला गेल्यावर पहिल्या रविवारी आईंचं वजन दीड-दोन किलोनं चढायचं. एका आठवड्यात! या वयात! जाऊबाई काय त्यांना पंप लावून हवा भरतात? आणि परत इकडे आल्या की तेवढंच, किंवा त्याहून जास्त, खाली. एवढं कुठल्याच स्वयंपाकघरानं होत नाही, माझ्याही नाही आणि त्यांच्याही नाही. म्हणजे काट्यात खोट. नाहीतर जाऊबाई हळूच पाय टेकवत असणार. माझी जाऊ तशी साधी, पण साध्या माणसांवर तर माझा आधी संशय जातो.

आई पिपलानीला गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी आमचा काटा पिशवीत घातला, स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि निघाले. वर भाजणीचा डबा, म्हणजे यायला काहीतरी निमित्त. जाऊबाईंनी दार उघडलं. “अगं, इतक्या सकाळी?” म्हटलं, “भाजणी ताजी होती.” त्या पिशवीकडे बघत राहिल्या. भाऊजी आत दाढी करत होते तेवढ्यात मी हॉलमध्ये दोन्ही काटे शेजारी ठेवले, आधी एकावर उभी राहिले, मग दुसऱ्यावर. वजन दोन्हींवर तेच, आणि मला मुळीच न आवडणारं. काटेही प्रामाणिक! या घरात लबाड कोणी आहे की नाही?

भाऊजी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले. मी माझा काटा सोफ्याखाली सरकवला. आई खोलीतून आल्या, भिंतीला हात लावत, जरा फेंगडं चालत. मला बघून चपापल्या. काट्यावर चढल्या, भाऊजींनी आकडा वाचला, शीटमध्ये भरला. काळा. आई उतरल्या आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग.

खोलीत शिरले तर आई पलंगाच्या कडेला बसून निऱ्यांच्या आत हात घालून काहीतरी सोडवत होत्या. परकराच्या नाडीला बांधलेली एक खणाची पिशवी निघाली आणि पलंगाच्या फळीवर खाडकन आपटली. आत खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. एक अडकित्ता. वर एक भलंमोठं कुलूप, मागच्या अंगणाच्या दाराचं.

“आई! हे काय?”

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “आधी नुसता बत्ता पुरायचा. मग दर रविवारी थोडं थोडं वाढवावं लागतं. मेला तो आकडा खाली आला की हा तिच्यावर ओरडतो. स्वयंपाक करतेस की झोपा काढतेस, म्हणतो. लाल दिसलं की त्याचं डोकं फिरतं. ती बिचारी ओट्याशी उभी राहून रडते. मी ऐकते ना सगळं.”

“मग माझ्याकडं का नाही बांधत?” मला खरंच रडू येत होतं.

आईंनी माझ्याकडे नवलानं बघितलं. “तुझ्याकडं कशाला? तुझ्याकडं कोण कुणावर ओरडतं? तिथं मी आपली आहे तशी उभी राहते.”

मी मटकन पलंगावर बसले. इतके महिने माझ्या वाट्याला आलेला तो घसघशीत लाल, तो हा होता. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. आणि मग लक्षात आलं, बत्ता, अडकित्ता आणि कुलूप वजा केलं तर आई खरोखरच उतरत होत्या. दोन्ही घरी. सतत.

तेवढ्यात बाहेरून भाऊजींचा आवाज आला. “ऐकलंस का गं? परत काळा आहे. तेव्हा आता आई इथंच राहील. मी आकड्यांबाहेर एक शब्द बोलत नाही.”

मी उठलेच होते. तोंडात चार शब्द तयार होते आणि त्यातले तीन नागपुरी होते. पण आईंनी माझा दंड धरून मला मागे सारलं आणि स्वतः बाहेर गेल्या. पिशवी त्यांनी लॅपटॉपच्या शेजारी ठेवली. उघडून, एकेक वस्तू काढून. मग कुणी न सांगता काट्यावर चढल्या.

“आता भर,” म्हणाल्या.

भाऊजींनी बत्त्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. सवयीचा माणूस, बोटांनी आपोआप आकडा भरला. लाल झाला. आणि सवयीनंच त्यांची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली, तिथं जाऊबाई उलथनं घेऊन उभ्या होत्या.

“तिच्याकडे नको बघूस,” आई म्हणाल्या. “वजन माझं आहे. ओरडायचं तर मला ओरड.”

भाऊजींचा चेहरा पार उतरला. “अगं, पण आई, तुला काही होत होतं तर सांगायचंस ना मला!”

“तू विचारलंस कधी? काट्यावर उभी राहा म्हणालास, राहिले.”

लाडू तरी मी कुठं त्यांना विचारून केले होते?

मग आईंनी आमच्याकडे पाठ केली, तोंडातली कवळी काढली आणि पदराच्या टोकावर धरली. वळल्या तेव्हा कवळीवाचून त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला, शब्दही नीट उमटेनात. “ही नवी आणलीस तेव्हापासून टोचते. सगळं तोंड सोलवटलंय. तू एवढ्या हौसेनं करून आणलीस, म्हणून बोलले नाही.”

भाऊजी उठले, स्कूटरची किल्ली शोधायला लागले, खिशात, शोकेसवर, पुन्हा खिशात. “चल, आत्ता जाऊ दातवाल्याकडे. आत्ताच्या आत्ता.”

“आज रविवार आहे, तो नसतो,” आई म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. “तू आधी बस. आणि कुणीतरी मऊ भात टाका गं. मला भूक लागलीय.”