क्रोमच्या टाकीवरचं दहावं माणूस

आमच्या घरात पहिली पदवी आली ती उमरोळीच्या राऊत गुरुजींमुळे. "वाक्य पूर्णविरामापर्यंत वाच, मग बोल," असं ते सांगायचे. फॅक्टरी इन्स्पेक्टर झाल्यावर कळलं, सरकारात हे फार थोडे करतात.

साठच्या दशकात पालघरजवळच्या एका शेडमध्ये तपासणीला गेलो होतो. सायकलच्या हँडलांवर क्रोमचा मुलामा चढवायचं काम. विजेवर चालणाऱ्या दोन टाक्या, त्यांत क्रोमचं अ‍ॅसिड, वर पिवळी वाफ. ही वाफ रोज नाकात गेली, की दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजतो आणि त्याला भोक पडतं. टाकीवर काम करणाऱ्या, पाम गावच्या धर्माचा पडदा आरपार गेला होता.

"दुखतं का?"

"आता नाय दुखत, सायेब. पडदा होता तोपर्यंत दुखायचं."

मालकांनी हजेरीपट उघडूनच ठेवला होता. नऊ नावं. विजेवरचं काम असेल तर दहा कामगार लागतात, तेव्हा कुठे कायद्याच्या लेखी ती फॅक्टरी. नऊ नाकांची काळजी घ्यायला सरकारला मनाई होती.

एक वाजता धर्माची बायको जानकी भाकरी-सुकट घेऊन आली. धर्मा बाहेर जेवायला बसला. ती त्याच्या जागी टाकीवर उभी राहिली.

"ही कोण?"

"घरचंच माणूस, साहेब. आमचं काम मिनिटभर थांबत नाही," मालक अभिमानाने म्हणाले. "आणि पगार घेत नाही हं."

"रोज येता?" मी जानकीला विचारलं.

"आमी सगल्या येतो. त्यो जेवतो, मी हँडलं काढते. करपली तर बोलणी त्यालाच हाय ना."

मी कायद्यातली कामगाराची व्याख्या पूर्णविरामापर्यंत वाचली. पगार मिळो वा न मिळो, काम करणारा तो कामगार. म्हणजे जानकी दहावी. वर्षात एक दिवस दहा भरले तरी पुरतं. मी नोटीस दिली: वाफ ओढणारा पंखा, हातमोजे, डॉक्टरची तपासणी.

पंधरा दिवसांनी गेलो, तर शेडच्या मधोमध आडवी चटई टांगलेली. अलीकडची टाकी मालकांची, कामगार पाच. पलीकडची त्यांच्या मेहुण्याची, कामगार चार. ठाण्याच्या ऑफिसात माझ्या वरच्या साहेबांना सांगितलं.

"कागद वेगळे आहेत?"

"आहेत. पण वाफेला चटई कळत नाही, साहेब."

"वकिलांना कळते. फाइल बंद करा."

त्या आठवड्यात गुरुजींना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचलं. त्यापुढे मालकांनी चटई लावली. पंखा नाही, मोजे नाहीत. बायकांना मात्र आता आत येऊ देत नाहीत. जानकी भाकरी दारात ठेवून घरी जाते. एवढा मोठा कायदा घेऊन मी वाचवली ती बायकांची नाकं, आणि तीही हजेरीपटावर नव्हती."