वहिनींनी कबूल केलेला रविवार

चष्म्याच्या त्या दुकानात तिघं काम करत. थोरला भाऊ मागच्या खोलीत काचा घासायचा आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासायच्या. आणि धाकटा भाऊ काउंटर सांभाळायचा. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस पांगले, तरी घरात आणि गिऱ्हाइकांत तो धाकटाच राहिला. माणूस तसा रागीट. पण राग आला की आधी त्याचे कान लाल व्हायचे, त्यामुळे समोरच्याला सावरायला वेळ मिळायचा.

धाकट्याचं सगळ्यात मोठं दुखणं एकच, दुकानात येऊन आपलंच घोडं दामटणारी माणसं. गिऱ्हाईक तिथे निदान अर्धा तास अडकतं आणि दुकानदार तर जन्माचाच अडकलेला, हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. निवडणूक आली की पक्षवाले यायचे, ती उरकली की धर्मवाले. कुणाला देश वाचवायचा असे, कुणाला धाकट्याचा आत्मा. शेवटी वैतागून त्याने एक पाटी रंगवून घेतली, ‘इथे धर्म आणि राजकारण बोलू नये’, आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती तपासणीच्या खोलीत अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावली. झालं! खुर्चीत बसलेला प्रत्येक जण तक्ता सोडून आधी पाटीच वाचायला लागला. एका आजोबांनी ती खणखणीत आवाजात वाचली आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?” वहिनींनी त्यांचा दूरचा नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाटी उतरवून ठेवली.

वहिनींची रीतच वेगळी. त्या चिडायच्या नाहीत आणि होला होही करायच्या नाहीत. कुणी तावातावाने सुरू झालं की त्या यंत्र पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, हनुवटी टेकवा, कपाळ पुढे, आता बोलू नका, आकडा हलतो. देशाचं भवितव्य अर्ध्या वाक्यावर लटकायचं. मग एकेक काच बदलत त्या विचारायच्या, हे बरं की हे? आणि पाच मिनिटांपूर्वी सगळं छातीठोक माहीत असलेला माणूस चाचरत म्हणायचा, परत एकदा दाखवा. जाताना तो आपली डोकेदुखी, झोप, आईला आलेलं आंधळेपण असं काहीबाही सांगून जायचा. धाकटा हे वीस वर्षं बघत होता आणि अजून त्याला ते जमलं नव्हतं.

वहिनींचे दोन नेम होते. एक म्हणजे, जवळची नजर तपासायला त्या छापील कार्ड वापरत नसत. माणसाच्या खिशात, पिशवीत जो कागद असेल तोच त्याच्या हातात द्यायच्या. जे रोज वाचायचं तेच दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नेम म्हणजे, त्या कुणाच्याही सभेला जात नसत. बोलावणी ढिगाने यायची, पक्षांची, पंथांची, आणि त्या हसून नाही म्हणायच्या. आज एकीकडे गेले तर उद्या दुसरीकडचा माणूस माझ्यासमोर विश्वासाने हनुवटी टेकवणार नाही, असं त्या सांगत.

या दोन्ही नेमांची परीक्षा पाहिली ती पत्रकवाल्या काकांनी. निवृत्त शिक्षक, ताठ कणा, पांढराशुभ्र शर्ट. दोन वर्षं दर सोमवारी अकराच्या ठोक्याला ते यायचे आणि पिवळी पत्रकं वाटायचे. त्यांच्या मार्गाचं सांगणं सोपं होतं. पक्का विश्वास असेल तर कुठलाही आजार बरा होतो, आणि औषध म्हणजे मनाचा कच्चेपणा. दर वेळी ते वहिनींना रविवारच्या सभेचं निमंत्रण द्यायचे. धाकट्याचे कान ऐकून ऐकून किटले होते.

एका सोमवारी काकांनी गंमतच केली. शोकेसशेजारी फ्रेम लावून ठेवलेलं प्लास्टिकचं डोकं होतं, त्याच्यापुढे पत्रक धरून त्यांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, “आपण कधी विचार केलाय का?” डोक्याने अर्थातच विचार केलेला नव्हता. धाकटा हसून हसून बेजार झाला. संध्याकाळपर्यंत त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला नकलेसकट तो किस्सा ऐकवला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की काका त्या डोक्यापासून किती अंतरावर उभे होते.

पुढच्या सोमवारी काका आले तेव्हा वहिनी स्वतः बाहेर आल्या आणि त्यांना पाच मिनिटं आत बसायला म्हणाल्या. काका म्हणाले, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मग तर पाचही लागायची नाहीत, असं म्हणत वहिनींनी त्यांचा हात धरला आणि आकडे लिहायला धाकट्याला आत बोलावलं.

वहिनींनी दिवा लावून एक पिवळा कागद त्यांच्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. काका खुलले. आवाज लावून, कुठेही न अडखळता, स्वल्पविरामालाही न्याय देत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. धाकट्याने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि ‘जवळचं उत्तम’ असं लिहायला घेतलं. तेवढ्यात त्याची नजर त्या कागदावर गेली आणि त्याचं पेन थांबलं. कागद पिवळाच होता, पण तो निवडणुकीचा होता. वर हात जोडलेल्या उमेदवाराचा भलामोठा फोटो होता आणि काकांनी त्याच्यावरून विश्वासाचं माहात्म्य वाचलं होतं.

वहिनींनी ब्रही काढला नाही. त्यांनी दार लावून घेतलं, डोळ्यांतला दाब मोजला, टॉर्च लावून पाहिलं, एकेक डोळा झाकून किती बोटं ते विचारलं. धाकट्याने आकडे लिहिले आणि त्याचं हसू पार मावळलं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. डावा त्याच वाटेवर होता.

“काका, तुम्ही म्हणालात ते चांगलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “पण या कागदावर ते नव्हतं.”

काकांनी कागदावरून बोट फिरवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “काय होतं?”

“निवडणुकीचं पत्रक.”

धाकट्याला वाटलं, आता वहिनी दोन वर्षांचं उट्टं काढणार. निदान आपण तरी विचारावं, आता कुठे गेला तो विश्वास? त्याने तोंड उघडलंही, पण वहिनींनी नुसतं बघितलं आणि त्याने ते मिटलं. वहिनी काकांना आजार समजावून सांगत होत्या. हा काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही, जे उरलंय ते राखता येतं, पण त्याला वाट बघायला लावून चालत नाही.

“मी हॉस्पिटलात कसा जाऊ?” काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शिक्षकाचा नव्हता. “माझ्या शब्दावर लोकांनी गोळ्या सोडल्यात, ताई. त्यांना काय सांगू?”

“ते मला नाही सांगता यायचं. मी डोळे तपासते.” वहिनींनी टॉर्च बंद केला. “तुम्ही दोन वर्षं मला रविवारी बोलावताय ना? मी येते. पहिल्या रांगेत बसते, शेवटपर्यंत ऐकते. पण त्याआधी तुम्ही माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं. उद्या सकाळी.”

“आणि सभेत मी हे सगळं सांगायचं, अशी अट?”

“नाही. अट एवढीच. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

काका गेल्यावर धाकट्याचे कान पेटले. वीस वर्षं जपलेला नेम असा एका हट्टी म्हाताऱ्यासाठी मोडायचा? उद्या पक्षवाले विचारतील, त्यांच्याकडे गेलात, मग आमच्याकडे का नाही? वहिनी काचा पुसत होत्या.

“भावोजी, तो माझा नेम आहे आणि हा त्यांचा डोळा आहे. दोन्हींतलं एकच राहणार असेल तर कुठलं ठेवू?”

मागच्या खोलीतून थोरल्याने दिवसाचं बहुधा नववं वाक्य उच्चारलं, “तिला जाऊ दे रे.”

मंगळवारी वहिनी काकांना घेऊन गेल्या. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली आणि सांगितलं की आणखी दोन महिने गेले असते तर करण्यासारखं काही उरलं नसतं. पुढचे दोन रविवार काका घरीच होते. तिसऱ्या रविवारी सकाळी वहिनी पर्स घेऊन निघाल्या, तेव्हा धाकटाही शर्ट बदलून दारात उभा होता. वहिनींना एकटं कसं सोडायचं, असं तो म्हणाला. खरं तर त्याला बघितल्याशिवाय राहवणार नव्हतं.

शाळेचा हॉल होता, साठसत्तर माणसं होती. वहिनी कबूल केल्याप्रमाणे पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसल्या. काका काळा चष्मा लावून, कठडा चाचपत व्यासपीठावर चढले. त्यांनी पत्रकातलं पहिलं वाक्य म्हटलं आणि ते थांबले. कुणीतरी खोकलं. धाकट्याला वाटलं, विसरले.

“माझा विश्वास होता तिथेच आहे,” काका म्हणाले. “पण मला दिसत नाही. उजवा डोळा गेला. मी लपवला म्हणून गेला. डावा डॉक्टरांनी राखलाय. दोन वर्षं मी तुमच्यापुढे वाचत नव्हतो, पाठ म्हणत होतो. माझ्या शब्दावर ज्यांनी औषध सोडलं असेल त्यांनी उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जावं. एकटं जायला लाज वाटत असेल तर मी बरोबर येईन.”

मग तिघं-चौघं उठून पाय आपटत बाहेर गेले. त्यांच्यामागे दार आदळलं. आणि मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, “मलाही दिसत नाही.” सगळे वळले. त्यांच्या शेजारचा माणूस खाली बघत म्हणाला की त्याचा पाय वर्षभर बधिर आहे. मग आणखी एक जण उभा राहिला. मग एक बाई. इतकी वर्षं एकमेकांशेजारी बसून ही माणसं आपापलं दुखणं एकमेकांपासून लपवत होती, आणि आता ती एकेक करून ते सांगत होती.

वहिनींनी कुणाला एका शब्दाने पटवलं नव्हतं, कुणाचं काही खोडून काढलं नव्हतं. एका डोळ्यासाठी त्यांनी आपला वीस वर्षांचा नेम बाजूला ठेवला होता, बस्स. आपल्याच घरात, रोजच्या ताटाशेजारी एवढं मोठं माणूस बसतं हे धाकट्याला आज कळलं, आणि त्या बाईचा दीर म्हणून आपण पुरे पडू का, याचीच त्याला धास्ती वाटली.

वहिनी केव्हाच उठून मागच्या रांगेत पोहोचल्या होत्या. म्हाताऱ्या बाईंची हनुवटी एका हाताने हलकेच वर करून त्यांनी पर्समधून टॉर्च काढला आणि मागे न बघता म्हणाल्या, “भावोजी, लिहून घ्या.”

धाकट्याने पेन काढलं आणि बाईंना वय विचारलं.